उमाठे साहेबांची न चालवायची गाडी

मला आयुष्यात लिलावात एकाच माणसाने हरवलं, आणि त्या माणसाला लिलाव कसा असतो हेच माहीत नव्हतं. इतकी वर्षं झाली, तरी ती सकाळ आठवली की मी हातातली वस्तू आधी खाली ठेवतो. हातातली वस्तू आपटायची मला सवय आहे.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. भिलाई तेव्हा मध्य प्रदेशात होती. तिथल्या पॉवर हाउस भागात माझं जुन्या गाड्यांचं दुकान होतं. वर्धेकडच्या खेड्यातून आलो तेव्हा माझ्याजवळ एक पाना आणि अंगावरचा शर्ट होता. झाडाखाली स्कूटरी दुरुस्त करता करता त्या विकायला लागलो आणि झाडाच्या जागी पत्र्याचं शेड उभं राहिलं. त्या सुमारास नागपूरला कस्टमने अडकवलेल्या मालाचा लिलाव निघाला. त्यात एक गाडी होती. दोन दारं, दोनच सीटा, मागे घडी होणारं कापडी टप, रंग पिकल्या लिंबाचा, आणि इतकी बुटकी की शेजारून बैलगाडी गेली तर बैलाने वरून वाकून पाहावं. कोणी परदेशी माणूस घेऊन आला होता, कागद पुरे नव्हते, सरकारने ठेवून घेतली. कंपनीचं नाव सांगत नाही. नाव सांगितलं की लोक किंमत विचारतात, आणि त्या गाडीच्या किमतीचा विषय निघाला की माझं डोकं फिरतं.

ती मला स्वस्तात मिळणार होती. आम्ही धंद्यातली माणसं लिलावाआधी चहा पिताना आपसात बोलून घेतो. तो रिवाज आहे. गाडी माझी, जीप दुसऱ्याची, असं ठरलं होतं. पुकारा सुरू झाला, मी सावकाश बोली लावली, आणि मागच्या रांगेतून एक हात वर आला. अर्ध्या बाहीचा पांढरा सदरा, बारीक मनगट. मी बोली वाढवली. पुकारणाऱ्याने मागे पाहिलं, हात वरच. मी पुन्हा वाढवली. हात वरच. तो खाली येईचना. शेवटी मी रागाने टोपी फेकली आणि बाहेर गेलो. गाडी त्या हाताला गेली.

बाहेर तो माणूस मलाच शोधत आला. सडपातळ, कपाळावर आठ्या, डोळे सतत बारीक केलेले.

मी म्हणालो, "काहो, हात कावून खाली नाही केला?"

"खाली कराचा असते का?" तो म्हणाला. "मले वाटलं ज्याले घ्याची आहे त्यानं वर ठेवाचा, ज्याले नाही घ्याची त्यानं खाली कराचा. तुमीच तर खालीवर करून राहिले होते. मले समजेना तुमाले पाहिजे का नको."

हे मनोहर उमाठे. राहणार सेक्टर ६, भिलाई. पोलादाच्या प्लांटमध्ये कोक ओव्हनला साहेब. लिलावात आले होते स्कूटर घ्यायला, कारण नव्या स्कूटरचा नंबर लागायला तेव्हा वर्षंच्या वर्षं जात. स्कूटरींचा लॉट सकाळीच संपला होता. खिशात पैसे होते ते फक्त स्कूटरचे नव्हते. वैशाली नगरात प्लॉट घ्यायला म्हणून कुमुदवहिनींनी जमवलेलेही त्यातच होते. परत जाताना ते दुर्गला उतरून कोणाला द्यायचे होते.

"आता एक सांगा," उमाठे म्हणाले, "हे भिलाईले न्याची कशी? मले चालवता येत नाही."

गाडी माझ्याच ट्रकवर आली. भाडं मी रागाच्या हिशोबाने लावलं, ते त्यांनी कबूल केलं. वाटेत साकोलीला चहाला थांबलो तेव्हा मी त्यांना म्हटलं, साहेब, ही तुमच्या कामाची वस्तू नाही, लिलावात दिले त्याच्यावर थोडे घ्या आणि मला द्या. ते बशीत चहा गार करत विचार करत बसले.

"गुलाबराव, सकाळी तुमी नागपूरले कमी देत होते."

"हाव."

"आता साकोलीले जास्त देऊन राहिले."

"हाव."

"म्हंजे अर्ध्या दिवसात भाव वाढला. अजून तर गाडी ट्रकवरून खालीसुद्धा नाही उतरली. मग मी विकू कावून?"

मी कप आपटला. त्या माणसाच्या डोक्यात गुंतवणूक शिरली ती तिथे, साकोलीच्या चहाच्या टपरीवर, आणि ती पुढे पंधरावीस वर्षं निघाली नाही.

वहिनींनी गाडी पाहिली तेव्हा त्या भांडल्या नाहीत. ट्रकभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "प्लॉट आहे का हा?" मग आत गेल्या. घरी पोरबाळ नव्हतं. जे काही ऐकवायचं ते नवऱ्यालाच ऐकवायचं होतं आणि त्याला वेळ भरपूर होता.

कंपनीच्या क्वार्टरला गाडीघर नसे. गाडी मागच्या आंगणात पेरूच्या झाडाखाली गेली. वहिनींच्या जुन्या लुगड्यांची शिवलेली खोळ तिच्यावर आली. आणि उमाठे साहेबांनी तिच्यावर तोच कायदा लावला जो ते प्लांटमध्ये पाळत. कोक ओव्हन म्हणजे दगडी कोळसा भाजून कोक करणाऱ्या भट्ट्यांची लांबच लांब रांग. तिला तिथे बॅटरी म्हणतात. ही बॅटरी एकदा पेटवली की कधीच थंड होऊ द्यायची नसते, थंड झाली तर आतल्या विटा तडकतात. माणसं बदलतात, शिफ्ट बदलते, आग तीच. साहेबांनी ठरवलं की गाडीचंही असंच असणार. रोज सकाळी फर्स्ट शिफ्टच्या भोंग्याआधी ते खोळ काढत, इंजिन सुरू करत, गाडी एक हात पुढे घेत, एक हात मागे घेत आणि बंद करत. चालवायला मीच शिकवलं होतं, पण त्यांनी शिकून घेतलं ते एवढंच. पेरूच्या झाडाखाली दोन खाचा पडल्या. शेजारच्या बायका त्या आवाजावर दूध तापवायला ठेवत.

मग खोळ घालून, पायाला क्लिपा लावून, साहेब सायकलवर ड्यूटीला जात. भाजीला सायकल. लग्नाला सायकल, वहिनी मागे कॅरिअरवर. गाडी बाहेर निघत नसे. कारण मीटर.

"वस्तू कमी निघाली पाहिजे आन् कमी चालली पाहिजे," ते म्हणत. "निघाली कमी हे तर त्या कंपनीच्या हातात होतं. चालली कमी हे माह्या हातात आहे."

रविवारी सकाळी त्यांच्या व्हरांड्यात माणसं जमत. कोक ओव्हनचे दोघे, मशीन शॉपचे दोघे, आणि मी. मी का जात होतो? गाडीसाठी. दर रविवारी मी बोली घेऊन जात असे. ते ती ऐकून घेत आणि मग भावावर बोलत. रायपूरच्या रद्दीवाल्याकडून त्यांनी गाड्यांचं एक विलायती मासिक आणलं होतं. एकच. वर्षानुवर्षं तेच. त्यातला आकडा धरून ते डोळे बारीक करत, समोर कुठेतरी पाहत आणि आजचा भाव सांगत. प्लांटमध्ये भट्टीच्या झाकणातून आतला रंग पाहून ते तापमान सांगत, आणि ते बरोबर निघे. तोच डोळा त्यांनी लंडनच्या बाजाराकडे लावला होता.

"या साली तिकडं थोडं नरम राहीन. पेट्रोल महाग आहे ना. पण दोन साल थांबा."

"दोन साल थांबून काय होईल?" मी विचारायचो.

"अजून दोन साल थांबता येईन."

असं बोलून ते हसत नसत. आतून वहिनींचा आवाज येई, "त्यायले म्हणा, रिटायर झाल्यावर क्वार्टर खाली करा लागते. गाडीतच राहू म्हणा. दोन सीटा आहेत, आपण बी दोघंच आहो." साहेब यावरही हसत नसत. "पाहा," ते आम्हाला म्हणत, "हिलेसुद्धा आता जागेचा उपयोग समजून राहिला." मला कपातून चहा मिळणं बंद झालं होतं; एका रविवारी बोलणी फिसकटल्यावर मी त्यांची बशी फोडली, तेव्हापासून त्या घरात माझा स्टीलचा पेला वेगळा ठेवलेला असे. बाकीच्यांना कपबशी. ते चटके मी निमूट सोसले, कारण माल आंगणात होता.

एका होळीला मात्र गाडी बाहेर निघाली. धुळवडीच्या दिवशी वहिनी मोरीत घसरल्या आणि घोटा भोपळ्यासारखा सुजला. रस्त्यावर रिक्षा नाही, शेजारी सगळे रंगात. मी साहेबांना गुलाल लावायला म्हणून गेलो होतो, म्हणजे बोली घेऊन. त्यांनी एकदा वहिनींच्या पायाकडे पाहिलं, एकदा गाडीकडे. मी म्हणालो, साहेब, माझ्या स्कूटरवर नेऊ. वहिनी म्हणाल्या, "मी स्कूटरवर नाही जाणार. गाडी आहे ना घरी?" त्या स्वरापुढे काही चालण्यासारखं नव्हतं. खोळ निघाली. वहिनी त्या बुटक्या सीटवर पाय लांब करून बसल्या आणि पिवळी गाडी सेक्टर ९ च्या दवाखान्याकडे गेली.

बऱ्याच वेळाने सेंट्रल अॅव्हेन्यूवर गलका ऐकू आला. मी बाहेर येऊन पाहिलं. गाडी येत होती. मागून. म्हणजे तिचं मागचं तोंड आमच्याकडे होतं आणि ती तशीच येत होती. साहेब मान वळवून, एक हात वहिनींच्या सीटच्या पाठीवर टाकून, अख्खा रस्ता रिव्हर्समध्ये येत होते. रंगलेली पोरं भोवती पळत होती. चौकातल्या शिपायाने भांग घेतली असावी. त्याने काही मनावर घेतलं नाही.

गाडी पेरूखाली लागली. साहेबांनी मान दोन्ही हातांनी धरून सरळ केली आणि मला आत बोलावून मीटर दाखवला.

"पाहा. सकाळी होता तेवढाच."

रोजच्या पुढे-मागे करण्यात त्यांनी पाहिलं होतं की मीटरचा शेवटचा आकडा मागे घेताना उलटा फिरतो. जितकं गेलो तितकं उलटं आलो, हिशोब फिटला. मी धंद्यातला माणूस. लोक मीटर कसे मागे फिरवतात हे मला कोणी शिकवायला नको. पण बायकोला बाजूला बसवून, भर धुळवडीत, रस्त्यावरून प्रामाणिकपणे मीटर मागे नेणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

वहिनी म्हणाल्या, "जाताना समोर दवाखाना दिसे, येताना बी समोर दवाखानाच. मले वाटलं आपण घरी निघालोच नाही."

आता साहेबांची चूक सांगतो. ती चूक भिलाईच्याच माणसाकडून होऊ शकते. प्लांटची लाल धूळ सगळ्यांच्या घरात येई, तशी गाडीतही शिरली. पावसाळ्यांमागून पावसाळे गेले आणि तळाचा पत्रा खाल्ला गेला. मग बंपर सैल झाला, मग दाराचा खालचा काठ. दुसऱ्या कोणी परदेशात पत्र लिहिलं असतं. पण आमच्या भिलाईला एक अभिमान होता: लोखंडाची कोणतीही वस्तू असो, ती आम्हीच करू, आणि मूळच्यापेक्षा जाड करू. मशीन शॉपच्या त्या दोघा मित्रांनी कंबर कसली. साहेब नियमाचे पक्के; पत्रा बाजारातून पावतीसकट आणला, वेल्डिंगचं सामान भाड्याने आणलं. सुटीच्या दिवशी आंगणात ठिणग्या उडायच्या. तळाला पातळ पत्र्याऐवजी जाड प्लेट. बंपर असा की बैलाने धडक दिली तर बैलाला दवाखान्यात न्यावं. लाकडी स्टिअरिंगला चीर दिसत होती, म्हणून लोखंडी सळईचं नवं केलं, वर रेक्झिन. सीटांचा फोम बसला होता, म्हणून क्रेनच्या केबिनमध्ये असतात तशा उंच सीटा.

"आता तीस साल पाहा लागत नाही," मित्र म्हणत.

साहेब गाडीच्या अंगावर बोटाने वाजवून बघत. आधी पत्रा टणटण वाजे. आता धप् असा आवाज येई. त्यांना तो आवाज आवडे. मीही तेव्हा काही बोललो नाही. माझ्या दुकानात जड गाडीचा भाव जास्तच येत असे.

काढलेले भाग वहिनींनी टाकू दिले नाहीत. चकचकीत बंपर मोरीत टॉवेल टाकायला दोन खिळ्यांवर बसला. लाकडी स्टिअरिंग साखळीने छताला टांगून त्याचं शिंकं झालं; त्यात तुपाचा डबा आणि दुधाचं पातेलं, मांजरीपासून सुरक्षित. चाकांच्या चांदीसारख्या झाकणांमध्ये कुरडया वाळत. मूळच्या बुटक्या सीटा व्हरांड्यात पाहुण्यांसाठी ठेवल्या. त्यात बसलेल्या पाहुण्याला उठताना हात द्यावा लागे. गाडीच्या नाकावरचा बिल्ला पिठाच्या डब्यावर होता, कारण डबे सारखे दिसत आणि पीठ कोणतं ते कळत नसे.

एक मात्र साहेबांनी कोणाला हात लावू दिला नाही. मीटर.

ऐंशीच्या दशकात छोट्या नव्या गाड्या आल्या. प्लांटच्या साहेब लोकांच्या दारात एकसारख्या पांढऱ्या गाड्या दिसू लागल्या. मला वाटलं, आता माणूस घाबरेल. रविवारी गेलो आणि म्हणालो, "साहेब, आता तुमच्या गाडीले कोण विचारते? नव्या गाडीत चार माणसं बसतात, पेट्रोल कमी पिते. भाव पडला समजा."

त्यांनी डोळे बारीक केले. "गुलाबराव, सगळ्याजवळ सारखी गाडी झाली का मग माणसाले वेगळी पाहिजे असते. आता कुठं भाव उभा राहून राहिला. थांबा."

मी तणतणत निघून आलो. सांगायला जिवावर येतं, पण तो माणूस बरोबर होता. नव्वदचं दशक उजाडलं, देशात पैसा खेळू लागला, आणि मुंबई-पुण्याचे लोक जुन्या शौकाच्या गाड्या शोधत हिंडू लागले. माझ्याकडे चौकशा येऊ लागल्या. त्यातली एक होती मुंबईच्या सबनीस नावाच्या गृहस्थांची. त्यांना हवी होती नेमकी हीच गाडी. फार थोड्या निघालेली, आणि न चाललेली.

वेळही आली होती. साहेबांची रिटायरमेंट तोंडावर होती. क्वार्टर सोडायचं, आणि जायचं कुठे? मशीन शॉपच्या मित्रांची वैशाली नगरात घरं उभी होती, कुंपणाला बोगनवेल चढली होती. उमाठ्यांच्या नावावर जमीन म्हणून पेरूखालच्या दोन खाचा होत्या, त्याही कंपनीच्या. वहिनी आता टोमणे मारत नसत. त्याचं मला जास्त वाईट वाटे. एक दिवस त्यांनी मला फाटकाशी थांबवून विचारलं, "भाऊजी, खरं सांगा. विकली तर घर होते का?"

"होते वहिनी. दोन होतात."

"मले एकच पाहिजे. तुमचं काय राहीन?"

"गाडी विकून दिली तर दलाली घेईन. फुकट तर मी पाणीही पाजत नाही."

"गाडी विकली तर," वहिनी म्हणाल्या. "ठरलं."

सबनीस आले. गोरे, नाजूक, पांढरे हातमोजे घातलेले. त्या दिवशी वहिनींनी मला कपबशीत चहा दिला. मी ती दोन्ही हातांनी धरली. साहेबांनी स्वतः खोळ काढली. सबनीसांचा चेहरा देव दिसल्यासारखा झाला. मग ते वाकले, आणि दारावर बोटाने वाजवलं.

धप्.

त्यांनी साहेबांकडे पाहिलं. आपल्या पेटीतून जॅक काढून गाडीखाली लावला. जॅकने थोडा वेळ प्रयत्न केला आणि कुईं करून बसला. सबनीस जमिनीवर आडवे होऊन खाली बघून आले तेव्हा मोजे लाल झाले होते.

"साहेब," ते हळूच म्हणाले, "ही ती गाडी नाही. हा रणगाडा आहे."

"मूळच्यापेक्षा पक्की आहे," साहेब म्हणाले.

"पक्की नको हो. मूळची पाहिजे."

"तेच तर. पक्की केली."

"अहो, तळ नवा, बंपर नवा, दारं अर्धी नवी. मग तिचं काय उरलं?"

साहेब चिडलेले मी त्या दिवशी पाहिले. "आमची एक बॅटरी पूर्ण पाडली आन् परत बांधली. एक वीट जुनी नव्हती. नंबर तोच ठेवला, कोक तसाच निघते. तिले कोणी नकली म्हणलं नाही. मग हिले कावून?"

सबनीसांनी मोजे काढले. बॅटरीचं ते कोडं मला अजून सुटलेलं नाही. पण बाजाराला उत्तर लागत नाही. त्यांनी जो भाव सांगितला त्यात घराचं फाटक झालं असतं. साहेब त्या उंच सीटवर जाऊन बसले आणि लोखंडी स्टिअरिंग धरून समोरच्या पेरूकडे पाहत राहिले. एवढ्या वर्षांचा रविवार त्या एका धप् आवाजात गेला. मी काहीतरी आपटायला शोधत होतो, पण हातात वहिनींची चांगली बशी होती.

सबनीस हात धुवायला मोरीत गेले. आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. आले तेव्हा आवाज चढलेला होता. "तो टॉवेल टाकायचा दांडा... तो कुठून आणला?" मग त्यांची नजर स्वयंपाकघराच्या छताकडे गेली.

"वहिनी, ते स्टिअरिंग—"

"ते शिंकं आहे," वहिनी म्हणाल्या.

"हो, पण मूळचं—"

"मूळचं काय होतं ते मले माहीत आहे. आता त्यात तूप आहे. तुमी नेलं तर तूप कुठं ठेवू?"

"नवं शिंकं घेऊन देतो."

"शिंकं नको. घर द्या."

सबनीस हसले. वहिनी हसल्या नाहीत. त्या घरात तशी पद्धतच नव्हती. त्यांनी पदर खोचला, पाट घेतला आणि बसल्या. पुढचा तासभर मी जे ऐकलं ते माझ्या धंद्यात मला कोणी शिकवलं नव्हतं. "हे कमी निघालेले आहेत," वहिनी म्हणाल्या. "आन् हे तर चाललेच नाहीत. भिंतीवर होते." सबनीसांनी चीर दाखवली, तर त्या म्हणाल्या, "चीर मूळची आहे. नवी पाहिजे तर बाहेर लोखंडाचं आहे, ते घ्या." व्हरांड्यातल्या भाषणातलं एक अक्षर त्यांनी आतून वाया जाऊ दिलं नव्हतं. बंपर गेला, स्टिअरिंग गेलं, सीटा गेल्या, चाकांची झाकणं गेली, पिठाच्या डब्याचा बिल्ला गेला. सबनीसांना मुंबईत याच जातीचा एक सांगाडा मिळाला होता; त्याला हे सगळं हवं होतं. तरी आकडा घराच्या किमतीच्या थोडा अलीकडे येऊन अडला.

"एक गोष्ट द्याल तर पुरे करतो," सबनीस म्हणाले. "मीटर."

वहिनींनी आंगणात पाहिलं. पहिल्यांदा त्या नवऱ्याला विचारायला थांबल्या. साहेब उतरले, घरातून पेचकस आणला आणि म्हणाले, "मीच काढतो. नाहीतर चरा पडन." त्यांनी एकेक पेच सोडवला, मीटर हातात घेतला, सदऱ्याने पुसला आणि सबनीसांना दिला. मग ते त्या रिकाम्या गोल भोकाकडे पाहत उभे राहिले. आतून वायरी दिसत होत्या.

"आता किती चालली ते कसं समजन?"

वहिनी म्हणाल्या, "समजून काय कराचं आहे?"

आता माझी तक्रार ऐका. सबनीस टॅक्सीत सामान भरून गेले आणि मी दलालीचा विषय काढला.

"कशाची दलाली, भाऊजी?"

"ठरलं होतं ना वहिनी!"

"गाडी विकून दिली तर, असं ठरलं होतं. गाडी कुठं विकली?" त्यांनी बोट दाखवलं. "ते काय, उभी आहे."

शब्द माझेच होते. साहेब मध्ये पडले आणि म्हणाले, "गुलाबराव बरोबर म्हणून राहिले, त्यायले काही द्या." तेव्हा वहिनी आत गेल्या आणि एका चाकाच्या झाकणात कुरडया भरून घेऊन आल्या; सबनीसांच्या मोजणीत ते कुरडयांखाली राहून गेलं होतं. कुरडया आम्ही खाल्ल्या. झाकण माझ्याकडे आहे. सबनीसांची त्यासाठी विचारणा येते, त्यांच्या एका चाकाला झाकण नाही. मी देत नाही. सध्या भाव नरम आहे.

घर झालं. वैशाली नगरच्या अगदी टोकाला, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. फाटक मशीन शॉपच्या मित्रांनी केलं, ते उघडायला दोन माणसं लागतात. मी वास्तूला गेलो नाही. रागात होतो.

त्यानंतर एकदाच नीट भेट झाली, तीही बोलण्याची नाही. संध्याकाळी रेल्वे फाटक पडलं होतं. मी स्कूटरवर थांबलो आणि शेजारी पिवळी गाडी येऊन थांबली. टप खाली. साहेब क्रेनच्या उंच सीटवर बसलेले, त्यामुळे डोकं काचेच्याही वर. बाजूला वहिनी, मांडीवर पिशवी, पिशवीतून मेथीची जुडी बाहेर. मीटरच्या भोकात बडीशेपेची डबी घट्ट बसवलेली होती. गाडीला धूळ होती, चाकांना चिखल होता. रोज कुठेतरी जाऊन येत असणार.

"कुठं निघाले?" मी विचारलं.

"कुठंच नाही," साहेब म्हणाले. "असंच. शिवनाथ नदीकडून येऊन राहिलो."

इतकी वर्षं हा माणूस मला भेटला की दुसरं वाक्य ठरलेलं असे: गुलाबराव, भाव काय चालू आहे? मी वाट पाहिली. मालगाडी लांब होती. उत्तर माझ्याजवळ तयार होतं, त्या आठवड्याचं, ताजं. रणगाड्यालाही थोडीफार किंमत येण्यासारखी होती. साहेबांनी डबीतून बडीशेप काढली, वहिनींना दिली, मला दिली, आपण खाल्ली. डोळे बारीक करून मालगाडीकडे पाहत राहिले. विचारलं नाही.

फाटक उघडलं. ती जड गाडी जागची हलायला वेळ लागला. मागचे ट्रक भोंगे वाजवू लागले, सायकलवाले दोन्ही बाजूंनी पुढे निघाले. एका हाताने स्टिअरिंग धरून साहेब आरामात रुळांवरून धडधडत पलीकडे गेले, सरळ, पुढे तोंड करून. माझ्या स्कूटरने त्यांना सहज मागे टाकता आलं असतं. बडीशेप चावत मी त्यांच्या मागेच राहिलो, वैशाली नगरच्या वळणापर्यंत.